पाळक पाहिजे

मार्च सरत आला की आमच्या भागातल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन प्रश्न छळू लागतात. देव आहे की नाही, हा त्यातला नव्हे. तो पहिल्याच सहामाहीत पडतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत अंगवळणी पडतो. मार्चमधले प्रश्न असे : नोकरी कुठे मिळणार, आणि मुलाखतीला घालायचं काय?

आमचा भाग म्हणजे बॉस्टनला खेटून असलेलं सॉमरव्हिल. ओळीनं उभी तीन मजली लाकडी घरं, मजल्यागणिक एक गॅलरी, गॅलरीत एक सायकल. हार्वर्डचं डिव्हिनिटी स्कूल इथून पायी जाण्याच्या अंतरावर. १८१६ साली निघालेली ही शाळा. तिथे तीन वर्षं घासली की ‘मास्टर ऑफ डिव्हिनिटी’ होता येतं. तिथल्या पोरांना मी वरचा मजला भाड्यानं देते. भाडेकरू म्हणून ही जमात सोन्यासारखी. भाडं वेळेवर, पार्ट्या नाहीत, पायऱ्यांवरचं बर्फ न सांगता उपसलेलं. तक्रार एवढीच की रात्री दीड वाजता जिन्यात बसून ऑगस्टीनवर भांडतात.

पण कपडे! कोपराला ठिगळ लावलेलं कॉर्डरॉयचं जाकीट, त्यावर मांजराचे केस. हिवाळ्यात लोकरीचे मोजे घालून वर सपाता. जगातल्या कुठल्या ना कुठल्या अन्यायाचा निषेध करणारा टी-शर्ट, आणि तो धुतला न जाणं हा त्याच्यावरचा अन्याय. तीन वर्षं या पोरांना हिब्रू, ग्रीक, चर्चचा इतिहास, नीतिशास्त्र आणि उपदेशाची कला शिकवतात. पहिल्या दिवसापासून मनावर ठसतं की बाह्य रूप मिथ्या, खरं ते अंतरंग. मग शेवटी त्यांना एका टेबलासमोर बसवतात आणि टेबलापलीकडची माणसं आधी बूट बघतात.

यावर माझी एक भाडेकरू बायबलचा दाखला द्यायची. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात परमेश्वर स्पष्ट सांगतो की त्याला चेहरामोहरा दिसत नाही, मन दिसतं. मी नगरची. आमचं घर मिशन कंपाउंडला लागून होतं आणि शेजारच्या पाळकसाहेबांच्या मुलींबरोबर मी रविवारच्या शाळेत फुकट चित्रं मिळतात म्हणून जायची, त्यामुळे तो अध्याय मलाही ठाऊक होता. मी तिला म्हटलं, ‘अगं, पुढच्या चार-पाच ओळी वाच की. दावीद समोर येताच तो कसा तांबूस होता, डोळे कसे सुरेख आणि दिसायला कसा देखणा, हे सांगितल्यावाचून त्याच लेखकाला राहवलेलं नाही.’ शिवाय निवड समितीवर परमेश्वर नसतो. समितीवर असतो एक निवृत्त दंतवैद्य, एक बँकेतली बाई, चर्चमधल्या गायकवृंदाची प्रमुख आणि तरुणांचा प्रतिनिधी म्हणून घेतलेला बावन्न वर्षांचा एक गृहस्थ.

समित्यांचं प्रकरण जरा समजावून सांगायला हवं, कारण आपल्याकडे पाद्री म्हटला की वरून नेमलेला, अशी समजूत असते. कॅथलिकांत तसंच आहे. बिशप सांगेल तिथे काळे कपडे घालून जायचं, विषय संपला. मेथडिस्टांतही बिशपच नेमणूक करतो आणि उन्हाळ्यात बदल्यांचा मोसम येतो, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसारखा. पण प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, काँग्रिगेशनल, युनिटेरियन वगैरे पंथांत चर्चची मंडळी आपला पाळक स्वतः निवडते. आधी समिती. मग उमेदवाराचं भलंमोठं माहितीपत्रक. मग फोन, मग मुलाखत. काही पंथांत तर उमेदवारानं तिसऱ्याच एखाद्या चर्चमध्ये प्रवचन करायचं आणि समितीनं तिथे गुपचूप जाऊन ऐकायचं, अशी रीत आहे. त्या चर्चच्या लोकांना हे ठाऊक नसावं अशी अपेक्षा असते. पण एरवी तीस डोकी येणाऱ्या ठिकाणी आठ परकी माणसं एका बाकावर वही-पेन घेऊन बसली, तर बाकीचे तीस काय ओळखायचं ते ओळखतातच.

सगळ्यांवर कडी युनिटेरियनांची. त्यांचा उमेदवार एका रविवारी प्रवचन करतो, आठवडाभर गावात राहतो, सगळ्या गटांबरोबर जेवतो, दुसऱ्या रविवारी पुन्हा प्रवचन करतो आणि मग त्याला बाहेर पाठवून मंडळी मतदान करते. त्यात निव्वळ बहुमत मिळून भागत नाही. नव्वद-पंचाण्णव टक्क्यांच्या खाली मतं आली तर शहाणा उमेदवार आभार मानून घरी जातो. एवढी मतं आपल्याकडे गृहनिर्माण संस्थेच्या सेक्रेटरीला, दुसरं कुणी उभं नसतानाही मिळत नाहीत. आणि त्या एका आठवड्याला कपड्यांचे किती जोड लागतात याचा हिशोब करा. दोन प्रवचनं, तरुणांबरोबर पिझ्झा, ज्येष्ठांबरोबर चहा, इमारत समितीबरोबर तळघरातल्या बॉयलरची पाहणी. एवढ्या सगळ्या प्रसंगांना पुरून उरणारं वस्त्र माझ्या माहितीत एकच, आणि ते म्हणजे आपली सुती साडी. पण ती सुचवून पाहिली तेव्हा पोरीनं नम्रपणे नकार दिला.

तुम्ही म्हणाल, पाद्र्यांचा तो पांढरी पट्टी असलेला काळा शर्ट असतो ना, तो घालावा आणि सुटावं. इथेच तर मेख आहे. ती कॉलर दीक्षा झालेल्यालाच घालता येते. आणि यातल्या बऱ्याच पंथांत दीक्षा कधी मिळते? एखाद्या मंडळीनं बोलावणं धाडल्यावर, म्हणजे नोकरी लागल्यावर. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही आपली म्हण इथे अधिकृत नियमावलीत आहे. म्हणजे ज्या वस्त्रासाठी तीन वर्षं घालवली, तेवढंच मुलाखतीला चालत नाही. बाकी सगळं चालतं, आणि म्हणूनच पंचाईत.

त्या कॉलरचा बडेजावही फार जुना नाही. ख्रिस्ताच्या काळापासून चालत आली असावी असा चेहरा करून ती बसलेली असते, पण तिचा शोध १८६५ च्या सुमाराचा. श्रेय ग्लासगोकडच्या डोनाल्ड मॅकलाउड नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकाला देतात. आज जिला सगळे कॅथलिकांची समजतात ती मुळात त्यांच्या विरोधकांकडून आलेली. आणि आतली पट्टी निव्वळ प्लास्टिकची. ऐन वेळी ती सापडली नाही, तर भांडी घासायच्या साबणाच्या पांढऱ्या बाटलीची पट्टी कापून गळ्यात सरकवायची, ही युक्ती पाळक लोक एकमेकांना पिढ्यानपिढ्या शिकवत आलेत. अभ्यासक्रमात ती नाही. असायला हवी.

आता माझ्या मते या विषयावरचा खरा अधिकारी माणूस. मार्टिन ल्यूथर किंग यांना आपण भाषणांमुळे आणि गांधीजींमुळे ओळखतो. पण १९५४ च्या जानेवारीत ते नुकतेच पंचविशी गाठलेले, नोकरी शोधणारे धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्रोझर सेमिनरीतून पदवी, मग आमच्या बॉस्टन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास चालू. वडील अटलांटाच्या एबेनेझर चर्चचे पाळक. मुलानं घरच्याच गादीवर बसावं अशी त्यांची इच्छा. मुलगा निघाला मुलाखतींना.

अलाबामातल्या माँटगोमेरीचं डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च. मंडळीत कृष्णवर्णीय प्राध्यापक, डॉक्टर, शिक्षक. सगळा कडक इस्त्रीतला वर्ग. त्यांचे आधीचे पाळक व्हर्नन जॉन्स हे प्रचंड विद्वान, प्रचंड निर्भय, आणि कपड्यांच्या बाबतीत आनंद. शेतकऱ्याच्या वेशात फिरायचे आणि शेतातला भाजीपाला, कलिंगडं आणून खुशाल चर्चच्या आवारात विकायचे. डेक्स्टरच्या प्रतिष्ठित मंडळींना ते कसं झेपावं? शेवटी जॉन्स गेले आणि जागा रिकामी झाली.

निवड समित्यांचा एक नियम आहे, आणि तो सगळ्या जगात सारखाच लागू पडतो : नवा माणूस निवडताना त्या फक्त एवढंच बघतात की हा जुन्यासारखा नाही ना. किंग यांच्यावर तर हा नियम शिवून घेतल्यासारखा बसला. अटलांटात शिकत असताना ट्वीडच्या सुटांच्या हौसेपायी मित्र त्यांना ‘ट्वीड’च म्हणत. क्रोझरला गेल्यावर तर त्यांचे बूट आरशासारखे, कपडे परीटघडीचे आणि खोली लख्ख. त्यात हौसेइतकीच जखमही होती. काळा माणूस म्हणजे गबाळा आणि उशिरा येणारा, असं गोऱ्यांच्या डोक्यात बसलंय हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि तसं आपल्याबद्दल कुणाला म्हणता येऊ नये म्हणून आपण जरा अतिच करायचो, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. माझ्या भाडेकरू पोरांना मी हे अधूनमधून ऐकवते. फाटक्या जाकिटात मुलाखतीला जाणं ही चैन आहे. ती सगळ्यांना परवडत नाही. (मीही या देशात पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा नवऱ्यानं कोट घाल म्हटलं, सासूबाईंनी साडीच नेस म्हटलं, आणि मी साडीवर कोट घालून गेले. नोकरी मिळाली. पण त्या ऑफिसात भयंकर थंडी होती, तेव्हा त्यांनाही ते योग्यच वाटलं असावं.)

२४ जानेवारीला किंग यांनी डेक्स्टरमध्ये चाचणीचं प्रवचन केलं. गंमत म्हणजे अटलांटाहून माँटगोमेरीला गाडीतून येताना त्यांच्या शेजारी बसले होते ते हेच व्हर्नन जॉन्स. त्यांना गावातल्या दुसऱ्या चर्चमध्ये प्रवचन होतं. जाणारा आणि येणारा एकाच मोटारीत! प्रवचन पसंत पडलं, मंडळीनं बोलावणं धाडलं. पगार वर्षाला ४,२०० डॉलर, त्या गावातल्या कृष्णवर्णीय पाळकांत सर्वांत जास्त. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार सुरू झाला आणि शांतपणे प्रवचनं करेल म्हणून निवडलेल्या या टापटीप तरुणानं समितीच्या सगळ्या अंदाजांची वाट लावली.

बायकांचं म्हणाल तर त्यांची पंचाईत दुप्पट. अँटोनेट ब्राउन यांनी ओबर्लिनमध्ये १८५० साली धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला तेव्हा त्यांना पदवीच दिली नाही. तीन वर्षांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीनं त्यांना पाळक म्हणून दीक्षा दिली. हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलनं बायकांना दार उघडलं ते १९५५ मध्ये. एपिस्कोपल चर्चमध्ये १९७४ साली फिलाडेल्फियात अकरा जणींना नियम डावलून दीक्षा दिली तेव्हा केवढा गहजब झाला! देवाचं बोलावणं आलं, बिशपचंही आलं, पण शर्टाचा दुकानदार काही हलला नव्हता. काळे शर्ट मिळायचे ते पुरुषांच्या बेताचे. खांद्यात ढगळ, गळ्यात सैल, बटणं उलट्या बाजूला.

आता शर्ट मिळतात, तर माइक छळतो. प्रवचनाचा माइक कानाला लागतो आणि त्याची पट्ट्याला अडकवायची डबी असते. ज्यानं ती बनवली त्याच्या मते जगातल्या प्रत्येक पाळकाच्या कमरेला चामड्याचा पट्टा असतो. आमच्या एका पोरीनं चाचणीच्या प्रवचनासाठी सुंदर निळा झगा शिवून घेतला. त्याला ना पट्टा, ना खिसा. शेवटी ती डबी मागे गळ्यापाशी अडकवली आणि क्षमेवरच्या प्रवचनात वीस मिनिटं ती झग्याचा गळा मागे ओढत राहिली. समितीतल्या एका बाईंनी नंतर तिची मान किती ताठ आहे याचं कौतुक केलं.

कानातलं किती लांब, टाच किती उंच, केस बांधलेले की मोकळे, नखांना रंग की नाही, या सगळ्यावर मंडळीचं मत असतं आणि दारात हस्तांदोलन करताना ते पाळकिणीच्या कानावर घातलं जातं. पुरुष पाळकाचं प्रवचन कसं झालं हे सांगतात. पुण्यात शंकरराव थत्त्यांनी सत्तरच्या दशकात बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली तेव्हाही कुजबुज कमी झाली नसणार, पण निदान कपड्यांचा प्रश्न साडीनं एका झटक्यात मिटवला. आमच्या इथल्या गुरुजींचंही तसंच. जानेवारीतल्या सत्यनारायणाला ते थर्मलवर सोवळं, सोवळ्यावर जाडजूड पार्का आणि पायात बर्फाचे बूट अशा थाटात येतात. आत काय घालायचं ते शास्त्रानं ठरवलेलं, बाहेर काय घालायचं ते हवामानखात्यानं. समितीचा संबंधच येत नाही.

सगळ्यांनाच काही चर्च मिळत नाही, हवंही नसतं. कितीतरी जण इस्पितळांत चॅप्लेन होतात, म्हणजे रोग्यांशी आणि त्यांच्या माणसांशी बोलायला नेमलेले. त्यासाठी निदान चारशे तासांचं प्रशिक्षण घेऊन सुरुवात करावी लागते. तिथे एक बरं असतं, इस्पितळाचे नियम लेखी असतात : पायाची बोटं झाकलेली हवीत, नावाचा बिल्ला दिसला पाहिजे. त्याहून सोपं लष्करात. तिथेही चॅप्लेन असतात, अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे. शस्त्र बाळगत नाहीत, पण गणवेश मात्र पुरता. २०११ साली अमेरिकी लष्कराला पहिली हिंदू चॅप्लेन मिळाली, तीही भारतात जन्मलेली बाई. मुलाखतीला काय घालू, या प्रश्नाला एवढं निर्णायक उत्तर दुसऱ्या कुठल्याच मालकाकडे नाही.

आणि काही जण पूर्वी आमच्याकडे यायचे. आमच्याकडे म्हणजे महाराष्ट्रात. मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर सेमिनरीत शिकलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये बॉस्टनच्या मिशन बोर्डाकडून मुंबईत येऊन थडकले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघालं होतं. त्यांनी गव्हर्नरला अर्जविनंत्या करून मुक्काम टिकवला. नोकरीची इतकी कठीण मुलाखत माझ्या एकाही भाडेकरूनं दिलेली नाही. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेले. नगरला ज्यांच्या नावाचं चर्च आहे ते ह्यूमसाहेबही याच वाटेनं आलेले. उलट्या दिशेनं आपले विठ्ठल रामजी शिंदे गेले. १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतले ते लगेच मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. हे मी वरच्या मजल्यावर सांगते तेव्हा पोरांच्या डोळ्यांत पाणी येतं. तौलनिक अभ्यासामुळे नव्हे. ‘लगेच’ या शब्दामुळे.

मुलाखतीत बोलायचं काय, हा वेगळा विषय. त्यात मी पडत नाही. काय बोलू नये याचा नमुना मात्र हार्वर्डच्याच डिव्हिनिटी हॉलमध्ये घडलाय. १५ जुलै १८३८ रोजी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे विचारवंत लेखक इमर्सन बोलायला उभे राहिले आणि सांगू लागले की चर्चमधली प्रवचनं मेलेली आहेत. आपण एक प्रवचनकार ऐकला, त्याच्यापेक्षा खिडकीबाहेर पडणारं बर्फ जास्त खरं वाटत होतं. समोर नोकरी शोधणारी पोरं, पाठीशी त्यांना नोकऱ्या देणारे गुरुजन. हार्वर्डनं त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं त्यांना बोलायला बोलावलं नाही. कपडे त्यांनी चांगलेच घातले असणार.

आता माझं मत. समिती कपडे बघते म्हणून पोरं तिला उथळ समजतात, ते मला पटत नाही. त्या दंतवैद्याच्या मनात कोटाच्या कापडाचा विचार नसतो. त्याची बायको आजारी असते आणि तो मनाशी एवढंच ताडून बघत असतो की रात्री अडीचला या मुलीला फोन केला तर ही येईल का, आणि आली तर मी हिच्यासमोर रडू शकेन का. फाटकी बाही बघून त्याला वाटतं, हिलाच कुणीतरी सांभाळायला हवंय. फार झगमगीत काही घातलं तर वाटतं, ही माझ्याकडे बघेल की आरशात? म्हणून माझा सल्ला ठरलेला. गडद रंगाचं जाकीट, खिसे असलेलं. कमरेला पट्टा अडकेल असं काहीतरी. मांजर शेजारी ठेवायला द्या. समितीतला कुणीही घरी गेल्यावर तुम्ही काय घातलं होतं ते सांगू शकला नाही, तर जागा तुमची.

आणि बूट. वरून नव्हे, खालून. दीक्षेच्या वेळी उमेदवार मंडळीकडे पाठ करून गुडघे टेकतो, वडीलधारे त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, सगळं चर्च डोळे मिटून प्रार्थना करतं. माझ्यासारखी पाहुणी डोळे उघडे ठेवून बसलेली असते आणि तिला उमेदवाराचे तळवे दिसतात. मागच्या खेपेला उजव्या तळव्यावर जुन्या कपड्यांच्या दुकानाची चिठ्ठी शाबूत होती : ७ डॉलर ९९ सेंट. पोरगा कनेक्टिकटमधल्या त्या मंडळीत उत्तम काम करतोय, असं कळतं.

तर, माझा वरचा मजला १ जुलैपासून रिकामा होतोय. तुमच्या ओळखीत कुणी धर्मशास्त्र शिकायला येत असेल तर जरूर कळवा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. मांजर चालेल. इस्त्री आणि इस्त्रीचं टेबल भाड्यात धरलेलं आहे.